वाचकांचे प्रश्न : घरटे बांधणारा कोकीळ, अर्थात मुंगश्या

कोकिळेच्या आवाजाविषयी या सदरात दिलेल्या एका उत्तरात ‘कोकीळ कुलातले सगळेच पक्षी परक्याच्या घरट्यात अंडी घालत नाहीत, मुंगश्या आपले घरटे आपण बांधतो’ असे एक वाक्य ओघात आले होते. त्या वाक्यावर उत्तरापेक्षा अधिक पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या घरामागे करवंदीच्या जाळ्या असून त्यांना लागून शेराचे कुंपण आहे. त्यात कधीकधी एक राखाडी-हिरवट, लांब शेपटीचा पक्षी दिसतो. त्याच्या डोळ्याभोवती निळा रंग असतो. शेजारी त्याला भारद्वाज म्हणतात, पण मला ते पटत नाही. हा पक्षी कोणता? (कुडाळ, सिंधुदुर्ग)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. भारद्वाजाचे अंग काळे व पंख विटकरी असतात आणि तो जमिनीवरून निवांत चालताना दिसतो. तुम्ही पाहिलेला पक्षी म्हणजे निळ्या चेहऱ्याचा मुंगश्या. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे ३९ सेंटिमीटर भरते, परंतु त्यातला मोठा वाटा शेपटीचा असल्याने प्रत्यक्ष देह दिसतो त्याहून बराच लहान असतो. वरचे अंग गडद राखाडी असून त्यावर हिरवट झाक असते. गळ्यावर व छातीवर फिकट रेषा असतात, चोच फिकट हिरवी आणि डोळा लाल असतो. डोळ्याभोवतीचा निळा भाग पिसांचा नसून उघड्या त्वचेचा आहे. शेपटीची पिसे बाहेरून आतल्या बाजूस क्रमाने लांब होत जातात आणि प्रत्येकाच्या टोकाला रुंद पांढरा पट्टा असतो, म्हणून पक्षी फांदीवर बसलेला असताना खालून पाहिल्यास ही पांढरी टोके एकाखाली एक मांडल्यासारखी दिसतात. घाईत एवढी एक खूण पटली तरी ओळख पुरी होते. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात.

ही जात फक्त भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका येथेच आढळते. तिची उत्तरेकडची हद्द ढोबळ मानाने पश्चिमेस बडोद्यापासून पूर्वेस कटकपर्यंत आखली जाते. त्या रेषेच्या दक्षिणेला कोकण, गोवा, कर्नाटक, तामिळनाडू, केरळ असे जसजसे खाली जावे तसतसा हा पक्षी अधिक सहज भेटतो, आणि श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातल्या ‘याला’ किंवा ‘उडावलावे’ या राष्ट्रीय उद्यानांत तो नेहमीच्या पक्ष्यांत जमा आहे. घनदाट सदाहरित जंगलाचा गाभा त्याला मानवत नाही. विरळ पानझडी जंगल, काटेरी झुडपे, वेलींनी गच्च झालेली बांधावरची झाडी आणि बांबूची बेटे ही त्याची खरी वस्तीची ठिकाणे आहेत, त्यामुळे करवंद आणि शेर एकत्र असलेले तुमचे परसदार त्याने निवडावे यात आश्चर्य नाही.

तो दिसतो आणि लगेच नाहीसा होतो, असेही तुम्ही पत्रात लिहिले आहे. हा त्याचा स्वभावच आहे. त्याचे उडणे कमकुवत असते, म्हणून उघड्यावरून लांब झेप घेण्याऐवजी तो जाळीच्या आतून फांदीवरून फांदीवर सरपटत, मधूनच छोट्या उड्या मारत पुढे सरकतो. तो एकटा किंवा जोडीने राहतो आणि फारसा बोलत नाही. कधी हलका, घोगरा ‘क्रा’ असा आवाज काढतो, तोही जवळ उभे असल्याशिवाय ऐकू येत नाही. पक्षिनिरीक्षकांच्या याद्यांत त्याची नोंद कमी दिसते, त्याला त्याच्या विरळपणाइतकाच हा अबोलपणाही कारण असावा असे मला वाटते.

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या पक्षिग्रंथात या पक्ष्याचे शास्त्रीय नाव ऱ्होपोडायटिस विरिडिरोस्ट्रिस असे आहे, तर नव्या मार्गदर्शिकेत फीनिकोफियस विरिडिरोस्ट्रिस असे दिले आहे. सिरकीर मुंगश्याचे (माळरानावरच्या तपकिरी जातीचे) नावही एका पुस्तकात टॅकोकुआ आणि दुसऱ्यात फीनिकोफियस असे आढळते. यातले बरोबर कोणते? (पुणे)

उत्तर : आपापल्या काळात ही सर्वच नावे बरोबर होती. मागचा इतिहास थोडक्यात सांगितला तर गोंधळाचे कारण ध्यानात येईल.

मुंगश्यांची शास्त्रीय नोंद सुरू झाली ती श्रीलंकेतल्या लाल चेहऱ्याच्या जातीपासून. डच अमलातल्या सिलोनचा गव्हर्नर योहान गिडिऑन लोटन याने अठराव्या शतकाच्या मध्यास पीटर दे बेव्हेरे या स्थानिक चित्रकाराकडून तिथल्या प्राण्यांची चित्रे काढून घेतली होती. त्या चित्रांच्या आधारे थॉमस पेनंट या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १७६९ मध्ये या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याला युरोपातल्या कुकूच्या शेजारी, कुकुलस याच प्रजातीत बसवले. (येथे ‘प्रजाती’ म्हणजे जवळच्या जातींचा गट आणि ‘जाती’ म्हणजे एकेक प्रकारचा पक्षी, असा शास्त्रीय मराठीतला अर्थ धरला आहे.) या पक्ष्याची मोठी चोच आणि चेहऱ्याची उघडी त्वचा पाहता तो कुकुलसमध्ये शोभत नाही हे पुढे उघड झाले, आणि १८१५ मध्ये स्टीफन्स या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्यासाठी फीनिकोफियस ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. आपला निळ्या चेहऱ्याचा मुंगश्या मात्र १८४० मध्ये शास्त्राच्या पानावर आला. मद्रास इलाख्यात शल्यचिकित्सक असलेल्या थॉमस जर्डन याने त्याचे वर्णन केले, आणि विरिडिरोस्ट्रिस म्हणजे हिरव्या चोचीचा, हे त्यानेच दिलेले जातिनाम आजही टिकून आहे. बदलत राहिले ते पुढचे नाव. जर्डनने त्याला झँक्लोस्टोमस या प्रजातीत घातले, नंतरच्या अभ्यासकांनी ऱ्होपोडायटिसमध्ये हलवले, आणि विसाव्या शतकातल्या बहुतेक भारतीय ग्रंथांत हेच नाव छापले गेले.

या हलवाहलवीचे कारण असे की त्या काळी प्रजाती ठरवताना चोचीची ठेवण, नाकपुडीचा आकार आणि डोळ्याभोवतीच्या उघड्या त्वचेचा विस्तार अशा बाह्य लक्षणांवर भर दिला जाई. मुंगश्यांत ही लक्षणे जातीगणिक बदलतात, त्यामुळे दोन-तीन जातींमागे एक नवी प्रजाती अशी वाढ झाली. पुढे उलट प्रवाह सुरू झाला आणि आशियातले जवळजवळ सारे मुंगश्या एकट्या फीनिकोफियसमध्ये कोंबले गेले. तुमच्या दुसऱ्या पुस्तकात सिरकीरही तिथे दिसतो तो यामुळे. गेल्या काही दशकांत डीएनएच्या तुलनेने या दोन टोकांच्या मधली वाट निघाली आहे. आज फीनिकोफियस प्रजातीत सहा जाती मानल्या जातात आणि निळ्या चेहऱ्याचा मुंगश्या त्यांपैकी एक आहे. सिरकीर या सहांपेक्षा पुरेसा वेगळा निघाल्याने त्याला लेसन या फ्रेंच अभ्यासकाने १८३० मध्ये दिलेले टॅकोकुआ हे नाव परत मिळाले. लेशनॉल्टी हे त्याचे जातिनाम पाँडिचेरीत राहून पॅरिसला नमुने पाठवणाऱ्या लेशनॉल्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ आहे. तेव्हा आजच्या घडीला फीनिकोफियस विरिडिरोस्ट्रिस आणि टॅकोकुआ लेशनॉल्टी ही नावे वापरावीत, मात्र जुनी पुस्तके टाकून देऊ नयेत. त्यांतली सवयींची वर्णने नाव बदलल्याने शिळी होत नाहीत.

या तुलनेतून निघालेली आणखी एक गोष्ट मला नावांपेक्षा मोलाची वाटते. पूर्वी वर्गीकरण करताना परक्याच्या घरट्यात अंडी घालणारे एका बाजूला आणि स्वतः घरटे बांधणारे दुसऱ्या बाजूला, अशी सोयीची विभागणी बऱ्याच अंशी केली जाई. डीएनएने ती मोडली. आपला चातक सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, म्हणून तो कोकिळा आणि पावशा यांचा सख्खा समजला जात होता. प्रत्यक्षात त्याची प्रजाती मुंगश्यांच्या, तसेच अमेरिकेतल्या घरटे बांधणाऱ्या कोकीळांच्या अधिक जवळ बसते. उलट, भारद्वाज मुंगश्यासारखाच घरटे बांधतो, पण त्याची शाखा या सर्वांपासून फार पूर्वीच वेगळी झालेली आहे.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. कोकीळ कुलातले पक्षी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालतात, असेच आम्ही मुलांना सांगत आलो. मग मुंगश्या घरटे बांधत असेल तर त्याला कोकीळ कुलात का धरायचे? आणि या कुलात नियम कोणता, अपवाद कोणता? (भंडारा)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा उत्तरार्ध आधी घेतो. कोकीळ कुलात जगभरात मिळून सुमारे दीडशे जाती आहेत आणि त्यांतल्या साठाच्या आसपास जातीच पूर्णपणे परक्याच्या घरट्यावर विसंबतात. उरलेल्या, म्हणजे निम्म्याहून अधिक जाती आपापल्या घरट्यात अंडी घालतात व पिल्ले स्वतः वाढवतात. संख्येचा हिशेब केला तर कोकिळाच अल्पमतात आहे. आपल्याला ती नियम वाटते, कारण तिच्या आवाजावाचून आपला वसंत पुरा होत नाही आणि मुंगश्याचा आवाज कोणी ऐकलेला नसतो.

आता पूर्वार्ध. कूळ ठरते ते शरीररचनेवरून आणि वंशावरून, अंडी कोठे घातली यावरून नव्हे. मुंगश्याचा पाय हातात घेऊन पाहता आला, तर त्याची दोन बोटे पुढे आणि दोन मागे वळलेली दिसतील. पोपट आणि सुतार यांच्या पायांची बोटेही अशीच असतात, परंतु चोच, सांगाडा आणि पिसांची रचना पाहता त्यांचे वंश वेगळे आहेत. कोकिळेचा पाय, भारद्वाजाचा पाय आणि मुंगश्याचा पाय मात्र एकाच घडणीचा आहे. डीएनएही तेच सांगतो.

मुलांना सांगण्याजोगी खरी गोष्ट पुढे आहे. परक्याच्या घरट्यात अंडी घालण्याची रीत या कुलात एकदाच उपजली आणि पुढे वारशाने पसरली असे नाही, तर ती तीन वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे उपजली असे वंशवृक्षावरून दिसते. एक शाखा कोकिळा, पावशा, कुकू यांची, दुसरी चातकाच्या प्रजातीची, आणि तिसरी मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या तीन जातींची. म्हणजे या कुलाचे मूळ पूर्वज घरटे बांधणारेच असावेत आणि मुंगश्याने ती जुनी रीत सोडलेली नाही. या दोन रीतींच्या मधला टप्पाही आजच्या जगात पाहायला मिळतो. उत्तर अमेरिकेतले पिवळ्या चोचीचा व काळ्या चोचीचा हे दोन कोकीळ एरवी स्वतः घरटे बांधून पिल्ले वाढवतात, परंतु काही वेळा एखादे अंडे दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात ठेवून मोकळे होतात.

अंड्यांच्या रंगावरूनही मुलांना विचार करायला लावता येईल. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यासारखे हिरवट-राखाडी व तपकिरी ठिपक्यांचे असते, फक्त आकाराने लहान. पावशा आणि चातक सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात, आणि सातभाईंची अंडी निळीशार असल्यामुळे या दोघांची अंडीही निळी असतात. मुंगश्याची अंडी मात्र साधी, खडूसारखी पांढरी असतात. भारद्वाजाचीही पांढरीच. ज्याला कोणाला फसवायचे नाही, त्याच्या अंड्याला रंगाची उठाठेव करावी लागत नाही, असा निष्कर्ष मुले स्वतःच काढतील.

घरट्याविषयी सांगायचे तर मुंगश्या मोठा कारागीर नाही. काटेरी झुडपात, निवडुंगात किंवा बांबूच्या गर्दीत काटक्या रचून तो एक उथळ बशीसारखे घरटे करतो आणि आत हिरव्या पानांचे अस्तर घालतो. त्यात साधारणपणे दोन, क्वचित तीन अंडी असतात. घरटी मुख्यतः उन्हाळ्याच्या महिन्यांत सापडतात, पण दक्षिणेत वर्षाच्या इतर काळातही त्यांच्या नोंदी आहेत. पिल्लांचे संगोपन आई-बाप दोघेही करतात. भोवतीचे काटे हेच या घरट्याचे खरे संरक्षण असते.

प्रश्न : माळरानावरच्या बोरीखालून एक तपकिरी प्राणी पळताना दिसला. मुंगूसच आहे असे वाटले, तेवढ्यात तो झुडपावर चढला आणि पंख पसरून खाली तरंगत गेला. चोच लालभडक होती. हाही मुंगश्याच का? (पारनेर, जि. अहिल्यानगर)

उत्तर : होय, हा सिरकीर मुंगश्या. पठारावरच्या वाचकांना निळ्या चेहऱ्याच्या मुंगश्यापेक्षा हाच भेटण्याचा संभव अधिक आहे. तुमची फसगत झाली तशी जाणत्या निरीक्षकांचीही होते, कारण अंगाचा वाळूसारखा तपकिरी रंग, खाली झुकवलेले डोके, जमिनीलगत धरलेली लांब शेपटी आणि झुडपांच्या बुंध्यांमधून वाकडेतिकडे धावण्याची पद्धत या चारही गोष्टी मुंगसाशी जुळतात.

सिरकीरची लांबी सुमारे ४२ सेंटिमीटर असते. चोच चेरीसारखी लाल व टोकाला पिवळी असते. छातीवरच्या पिसांचे दांडे काळे व चकचकीत असल्याने जवळून पाहिल्यास बारीक काळ्या रेघा दिसतात. डोळ्यावर पापणीच्या केसांसारखी राठ, काळी पिसे असतात, आणि छायाचित्रात ती इतकी ठळक येतात की पक्ष्याने काजळ घातले आहे असे वाटते. शेपटीची टोके याचीही पांढरी असतात. त्याचा पसारा निळ्या चेहऱ्याच्या मुंगश्यापेक्षा बराच मोठा, म्हणजे पाकिस्तानातल्या सिंध-पंजाबच्या सपाटीपासून भारतभर आणि नेपाळ, बांगलादेश व श्रीलंकेपर्यंत आहे. मात्र एवढ्या प्रदेशात तो सलग पसरलेला नसून तुटक तुटक आढळतो. त्याच्या तीन उपजाती मानतात. कोरडे, दगडधोंड्यांचे, काटेरी झुडपांचे माळ आणि सागाची विरळ जंगले त्याला रुचतात.

अन्न शोधण्याचे त्याचे काम बहुतांशी जमिनीवर चालते. टोळ, सुरवंट, वाळवी, सरड्यांची पिल्ले आणि खाली पडलेली बोरांसारखी फळे तो टिपतो. धोका दिसला की आधी धावतो, मग झुडपावर फांदीफांदीने वर चढतो आणि तिथून दुसऱ्या झुडपापर्यंत तरंगत उतरतो. तुम्ही पाहिलेला क्रम अगदी हाच आहे. अमेरिकेच्या वाळवंटात धावणारा रोडरनर हाही कोकीळ कुलातलाच पक्षी आहे, परंतु तो एका वेगळ्या शाखेतला असल्याने दोघांचे धावणे हे जवळच्या नात्यातून आलेले नसून कोरड्या, उघड्या मुलखाने दोघांनाही स्वतंत्रपणे शिकवलेले आहे.

प्रश्न : श्रीलंकेच्या सहलीत सिंहराज जंगलात वाटाड्याने लाल चेहऱ्याचा मुंगश्या दाखवला. हा पक्षी पूर्वी दक्षिण भारतातही होता, असे तो म्हणाला. हे खरे का? (नाशिक)

उत्तर : दक्षिण भारतातल्या काही जुन्या नोंदी पुस्तकांतून फिरत आल्या आहेत हे खरे, पण त्यांतल्या एकीलाही खात्रीशीर आधार मिळालेला नाही. त्यामुळे ही जात केवळ श्रीलंकेची मानली जाते. वर ज्याच्या चित्रावरून मुंगश्यांची शास्त्रीय कथा सुरू झाल्याचे सांगितले, तो हाच पक्षी. तुम्ही त्याला उंच झाडांच्या शेंड्यांत, इतर पक्ष्यांच्या मोठ्या टोळीत पाहिले असेल. सिंहराजमध्ये नारिंगी चोचीचे सातभाई आणि तुरेवाला कोतवाल यांच्याभोवती अनेक जातींचे पक्षी गोळा होऊन एकत्र भक्ष्य शोधत जंगलातून सरकतात आणि हा मुंगश्या अशा टोळीत नेहमी सामील होतो. सगळ्यांच्या हालचालीने पानाआडचे किडे उठतात आणि शत्रूवर लक्ष ठेवायला अनेक डोळे मिळतात, हा त्यातला सर्वांचा फायदा आहे. नर-मादीत दिसणारा एकमेव ठळक फरक म्हणजे नराचा डोळा तपकिरी आणि मादीचा पांढरा असतो.

निळ्या चेहऱ्याचा मुंगश्या आणि सिरकीर या दोघांनाही सध्या चिंतेचे कारण नाही असे धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत नोंदले आहे, पण लाल चेहऱ्याचा मुंगश्या ‘असुरक्षित’ या वर्गात मोडतो. पहिले दोघे झुडपी रानात आणि माणसाच्या कुंपणातही भागवून घेतात, तर याला उंच व अखंड जंगल लागते, आणि श्रीलंकेच्या ओल्या पट्ट्यात असे जंगल आता तुकड्यातुकड्यांनीच उरले आहे. सिंहराजला १९८८ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, ही या पक्ष्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट झाली.

प्रश्न : सिंगापूरमध्ये मुंगश्या दिसेल का? (सिंगापूर)

उत्तर : दिसेल. तिथे तांबूस पोटाचा मुंगश्या आहे. तो निळ्या चेहऱ्याच्या मुंगश्याच्या प्रजातीतलाच असून त्याच्या डोळ्याभोवतीची त्वचा नारिंगी-लाल असते. बुकित तिमाह व मध्य जलाशयांभोवतीचे जंगल किंवा सुंगेई बुलोहची खारफुटी येथे सकाळी शांतपणे थांबल्यास तो भेटावा. सवड काढून मलेशियाच्या सखल जंगलात गेलात तर आणखी चार-पाच जाती पाहता येतील. त्यांत रॅफल्सचा मुंगश्या आवर्जून शोधावा. सिंगापूरची वसाहत वसवणाऱ्या स्टॅमफर्ड रॅफल्सनेच १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि मुंगश्यांत नर व मादी यांचे रंग उघडपणे वेगळे असणारा तो जवळजवळ एकटाच आहे. नराचे डोके तांबूस, तर मादीचे राखाडी असते. त्याला इतर मुंगश्यांपासून बरेच दूरच्या, स्वतंत्र शाखेत ठेवले जाते.

प्रश्न : आमच्या आंबा-काजूच्या बागेत निळ्या चेहऱ्याच्या मुंगश्याची जोडी आहे. ती फळांचे नुकसान करील का? (दापोली)

उत्तर : नाही. त्याचे मुख्य खाणे सुरवंट, टोळ, नाकतोडे, प्रार्थनाकीटक आणि लहान सरडे हे आहे. फळांपैकी तो रानातली छोटी, मऊ फळे खातो, आंबा किंवा काजूच्या बोंडाला त्याच्यापासून भय नाही. बागायतदाराच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की कोकीळ कुलातले पक्षी, इतर बहुतेक पक्षी टाळतात ते केसाळ सुरवंटही खातात. युरोपातला कुकू आणि अमेरिकेतले काही कोकीळ यांच्यात असे पाहण्यात आले आहे की सुरवंटांचे केस जठराच्या आतल्या अस्तरात रुतून साचतात आणि मग तो पक्षी ते अस्तरच सोलून, केसांसकट ओकून टाकतो. अर्थात एका जोडीच्या भरवशावर बागेची कीड आटोक्यात येईल अशी अपेक्षा करू नये. मात्र मुंगश्या जिथे सुरवंट टिपतो त्याच पानांवर कीटकनाशकाची फवारणी होत असेल, तर विषारी सुरवंट त्याच्या पिल्लांच्या पोटात जातात, हे फवारणीची वेळ ठरवताना ध्यानात घ्यावे.

प्रश्न : कुंपणातल्या निवडुंगात मुंगश्याचे घरटे सापडले आहे. पावसाळ्यापूर्वी कुंपण छाटायचे आहे. घरटे अलगद उचलून दुसऱ्या झुडपात ठेवले तर चालेल का? (फोंडा, गोवा)

उत्तर : चालणार नाही. काटक्यांची ती सैल बशी उचलताना विस्कटते, आणि ती सुखरूप हलवता आली तरी जागा बदललेल्या घरट्याकडे आई-बाप परत येतील याचा भरवसा नसतो. शिवाय वन्य पक्ष्यांची घरटी व अंडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. छाटणी दोन टप्प्यांत करावी. घरट्यापासून दूरचा भाग आता छाटून घ्यावा, आणि घरट्याच्या दोन्ही बाजूंचा काही हात भाग, त्यावर चढलेल्या वेलींसह, पिल्ले बाहेर पडेपर्यंत तसाच ठेवावा. वेली काढून टाकल्या तर काटे शाबूत राहूनही घरटे वरून उघडे पडते आणि कावळ्यांच्या नजरेस येते. पिल्ले गेली की नाही हे पाहण्यासाठी रोज फांद्या बाजूला करून डोकावू नये. मोठे पक्षी चोचीत किडा घेऊन त्या जाळीत शिरायचे थांबले, की लांबूनच ते कळते. त्यानंतर उरलेले कुंपण खुशाल छाटावे, पण मुळापासून काढून तिथे तार ओढण्याचा विचार असेल, तर निदान एका कोपऱ्यातला निवडुंग व त्यावरच्या वेली राहू द्याव्यात.